परिचयपत्र, आडनाव आणि मुंबईतील एक बंद पडलेली सल्लागार पेढी

धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

गेले तीन महिने हिंजवडीतील आमच्या दोन खोल्यांच्या घरात रात्री साडेदहानंतर एकच उद्योग चालतो. माझा धाकटा भाऊ कंपनीच्या बसमधून उतरतो, जेवतो, लॅपटॉप उघडतो आणि ज्यांना त्याने कधी पाहिलेले नाही अशा माणसांना ईमेल लिहू लागतो. तो एका आयटी कंपनीत सॉफ्टवेअर तपासण्याचे काम करतो. त्याला शिरायचे आहे कन्सल्टिंगमध्ये, म्हणजे मोठ्या उद्योगांना व्यवस्थापनाविषयी सल्ला देणाऱ्या व्यवसायात. तेथे नुसता अर्ज करणाऱ्याकडे लक्ष क्वचितच जाते, आतल्या कुणी ‘रेफर’ केले तर अर्ज निदान उघडला जातो, असे तो सांगतो. आतले कुणी ओळखीचे नसेल तर ओळख निर्माण करावी लागते. म्हणून हे ईमेल.

परवा त्याचा एक मेल मी वाचला. मजकूर नेटका होता. खाली नाव होते आणि वडिलांच्या नावाचे आद्याक्षर. आडनाव नव्हते. मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, “ताई, ते भेटल्यावर कळेलच की. आधी भेट तर होऊ दे.” आमचे आडनाव महाराष्ट्रात कुठेही सांगितले की पुढचा प्रश्न कुणाला विचारावा लागत नाही.

मी इतिहासाची विद्यार्थिनी. त्या रात्री मला मुंबईतील एक सल्लागार पेढी आठवली. ती साधारण १९१७-१८ मध्ये सुरू झाली आणि थोड्याच काळात बंद पडली. तिचे मालक होते भीमराव रामजी आंबेडकर.

बाबासाहेबांच्या चरित्रात ही पेढी दोन-चार ओळींत येऊन जाते. महाड, पुणे करार, संविधान यांच्या तुलनेत ती लहान गोष्ट आहे, हे खरेच. पण ज्यांना ओळखीच्या जोरावर चालणाऱ्या व्यवसायात पाय ठेवायचा आहे त्यांनी तिच्यापाशी थोडे थांबायला हवे. त्यासाठी दहा वर्षे मागे जाऊ.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. त्यांच्या सत्काराच्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. केळुसकर गुरुजी शिक्षक होते, शिवाजी महाराजांचे चरित्रकार होते. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा हा मुलगा त्यांनी हेरला होता. ते त्याच्या नात्यातले नव्हते, जातीतले नव्हते, शेजारीही नव्हते. पण पुढे वडिलांना शिक्षणाचा खर्च झेपेना, तेव्हा याच गुरुजींनी सयाजीराव गायकवाडांपर्यंत शब्द पोहोचवला. दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि १९१२ मध्ये भीमराव बी.ए. झाले. १९१३ मध्ये बडोदा संस्थानाने त्यांना अमेरिकेला पाठवले, दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करायची, असा करार होता.

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये एक प्रसिद्ध निबंध लिहिला. बोस्टनजवळील ज्या लोकांना ओळखीतून नवी नोकरी मिळाली होती, त्यांना त्यांनी विचारले की ती वाट दाखवणारा माणूस तुम्हाला किती वेळा भेटत असे. ‘वारंवार’ म्हणणारे केवळ १६.७ टक्के निघाले. ‘अधूनमधून’ म्हणणारे ५५.६ आणि ‘क्वचित’ म्हणणारे २७.८ टक्के. जवळच्या माणसांना साधारण तेच ठाऊक असते जे आपल्याला ठाऊक असते. नवी बातमी दूरच्या ओळखीतून येते. केळुसकर गुरुजी हे असे दूरचे माणूस होते. भावाला मी हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, “म्हणून तर अनोळखी लोकांना लिहितोय.” बरोबर आहे. पण पुढे ऐक, असे मी म्हटले.

कोलंबिया विद्यापीठात भीमरावांना एडविन सेलिग्मन हे अर्थशास्त्राचे नामांकित प्राध्यापक लाभले. १९१६ मध्ये भीमराव लंडनला निघाले तेव्हा सेलिग्मन यांचे सिडनी वेब यांच्या नावे परिचयपत्र सोबत होते. वेब हे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या संस्थापकांपैकी एक. एका कागदाने समुद्रापलीकडचे दार उघडत होते, कारण लिहिणाऱ्याने विद्यार्थ्याचे काम पाहिले होते आणि वाचणाऱ्याचा लिहिणाऱ्यावर विश्वास होता. जात या व्यवहारात कुठे आडवी येत नव्हती. न्यूयॉर्क आणि लंडनच्या प्राध्यापकांना ‘महार’ या शब्दाचा भार ठाऊकच नव्हता.

शिष्यवृत्तीची मुदत संपली. ऑगस्ट १९१७ मध्ये भीमराव मुंबईत परतले आणि करारानुसार बडोद्यास रुजू झाले. तेथे जे घडले ते त्यांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात सांगितले आहे. हुद्दा होता, पण राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत दिवसाला दीड रुपया देऊन, नोंदवहीत पारशी नाव लिहून, त्यांनी आसरा घेतला. (हे वाचताना भावाच्या मेलखालची सही माझ्या डोळ्यांसमोर आली. शंभर वर्षांनीही उपाय तोच.) अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला पारश्यांचा जमाव दारात उभा राहिला. संध्याकाळपर्यंत जागा सोडणे भाग होते.

तेव्हा ते दोन मित्रांकडे गेले. एक हिंदू, दुसरा ख्रिस्ती. हिंदू मित्राने सांगितले, तुम्हाला ठेवून घेतले तर माझे नोकर सोडून जातील. ख्रिस्ती मित्राने पत्नीला विचारावे लागेल असे म्हटले. कामाठी बागेत काही तास काढून भीमरावांनी रात्रीची मुंबईची गाडी पकडली. ज्यांची शिफारस सेलिग्मन करत होते, त्यांच्यासाठी गावातल्या परिचितांच्या घरात एक खाट नव्हती. ग्रॅनोव्हेटर यांच्या तक्त्यात या प्रसंगाला रकाना नाही.

मुंबईत कुटुंबाचा भार होता. त्यांनी शिकवण्या धरल्या, हिशेबाचे काम केले. कोलंबियातील सहाध्यायी नवल भथेना हे पारशी मित्र या काळात मदतीला आले. (बडोद्यातून काठ्या घेऊन हाकलणारे पारशी आणि मुंबईत हात देणारा पारशी, हे दोन्ही खरे आहे.) याच काळात भीमरावांनी शेअर आणि रोख्यांच्या व्यवहारासंबंधी सल्ला देणारी पेढी काढली.

त्या काळी पैसे घेऊन सल्ला देणे हा स्वतंत्र व्यवसाय जगातही कोवळाच होता. आर्थर डी. लिटल ही जुनी सल्लागार कंपनी बोस्टनमध्ये १८८६ साली उभी राहिली, मॅकिन्झी तर १९२६ ची. मुंबईत शेअरबाजार जुना होता, पण तेथे सल्ला मिळे तो दलालाकडून, आप्ताकडून, ज्ञातीतल्या वडीलधाऱ्याकडून. तिथे सत्ताविशीतला एक तरुण कोलंबियाची पदवी घेऊन बसला. हिंदुस्थानच्या राष्ट्रीय उत्पन्नावर प्रबंध लिहिलेला, ‘स्मॉल होल्डिंग्ज इन इंडिया’ हा शेतीवरील निबंध १९१८ मध्ये प्रसिद्ध करणारा. पात्रतेविषयी वाद घालण्यासारखे काही नव्हते. गिऱ्हाईक आलेही. मग सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळले आणि येणे थांबले. पेढी बंद झाली.

या ‘कळले’ शब्दापाशी मी बराच वेळ अडते. म्हणजे आधी कळलेले नव्हते. गावावरून पडलेले ‘आंबेडकर’ हे आडनाव ऐकून जात ओळखता येत नाही, ‘कर’ लावणारी घराणी महाराष्ट्रात सर्व जातींत आहेत. पाटीवरचे नाव पाहून गिऱ्हाईक आले असेल आणि बाकीची माहिती मागाहून कानावर गेली असेल, असा माझा तर्क आहे. तो खरा असेल तर आडनावाने थोडी मुदत मिळाली, इतकेच. सल्ल्याच्या धंद्यात माल दिसत नाही, वजन करून घेता येत नाही. तेथे विकला जातो तो विश्वास, आणि मुंबईच्या बाजारात विश्वासाच्या वाटा जातीच्या गल्ल्यांतून जात होत्या. बाजरी विकली असती तरी अडचण आली असतीच, पण सल्ला विकताना ती पहिल्याच पायरीवर आली.

आपल्या भाषेत या साऱ्याचे शब्द जुने आहेत. ‘वशिला’ मूळचा अरबी, अर्थ साधन किंवा माध्यम. ‘शिफारस’ फारसी. ‘उमेदवार’ही फारसीच, म्हणजे उमेद बाळगणारा. पूर्वी कचेरीत जागा रिकामी होण्याची वाट पाहत बिनपगारी राबणाऱ्या तरुणाला उमेदवार म्हणत. अशी फुकट उमेदवारी परवडे कुणाला? ज्याच्या घरी कुणीतरी आधीच कमावते असे त्याला. सरकारी खात्यांत एकाच वर्गाचे लोक कसे भरले आहेत, हे महात्मा फुले १८७० च्या आसपासच लिहीत होते. आजच्या बिनपगारी इंटर्नशिपबद्दल मला याहून वेगळे काही वाटत नाही.

पेढी बुडाल्यावर काय झाले? नोव्हेंबर १९१८ मध्ये भीमराव मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, पगार दरमहा ४५० रुपये. या नेमणुकीत मुंबईचे माजी गव्हर्नर लॉर्ड सिडनहॅम यांची मदत झाली. पुन्हा एकदा दूरची ओळख, पुन्हा समुद्रापलीकडची. यालाही वशिला म्हणायचे का? मी म्हणणार नाही. वशिल्यात दुसऱ्याचे वजन आपली उणीव झाकते. येथे उणीव नव्हती, झाकायचे होते ते समोरच्याचे अज्ञान. तरी कॉलेजात गेल्यावर काही सहकारी प्राध्यापकांनी त्यांच्या सामाईक माठातून पाणी पिण्याला हरकत घेतलीच. शिफारसपत्राचा अंमल माठापर्यंत पोहोचत नव्हता.

त्या पगारातून पैसे साठवून, भथेनांकडून ५,००० रुपये कर्जाऊ घेऊन आणि शाहू महाराजांच्या मदतीने ते जुलै १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ प्रसिद्ध झाले, प्रस्तावना एडविन कॅनन यांची. दोन वर्षांनी प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथ आला, त्याची प्रस्तावना सेलिग्मन यांनी लिहिली. म्हणजे १९१३ मध्ये जुळलेला धागा बारा वर्षांनीही तुटला नव्हता. डिसेंबर १९२५ मध्ये चलनविषयक रॉयल कमिशनपुढे, ज्याला आपण हिल्टन यंग आयोग म्हणतो, बाबासाहेबांनी साक्ष दिली. दलाल मंडळींना ज्यांचा शेअरवरचा सल्ला नको होता, त्यांना सरकारी आयोग सात वर्षांनी रुपयाच्या मूल्याविषयी प्रश्न विचारत होता.

येथवर वाचून कुणी म्हणेल, हे सारे शंभर वर्षांपूर्वीचे. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त एक अभ्यास प्रसिद्ध केला. इंग्रजी वृत्तपत्रांतील खाजगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ६६ आठवड्यांत ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता सारखी, फरक नावांत: काही उच्चवर्णीय हिंदू, काही दलित, काही मुस्लिम. दलित नावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याचे प्रमाण उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत सुमारे दोन-तृतीयांश होते, मुस्लिम नावाचे सुमारे एक-तृतीयांश. तिथे कुणी कुणाला भेटले नव्हते. कागद होता आणि नाव होते.

हा अभ्यास मी भावाला दाखवला नाही. त्याने तो न वाचताच सही बदलली होती.

मात्र एक गोष्ट मी त्याला दाखवली, आणि ती त्याने ऐकली. त्याच्या मेलमध्ये तो स्वतःविषयी दहा ओळी आणि विनंतीची एक ओळ लिहीत असे: मला रेफर कराल का? केळुसकर, सेलिग्मन, भथेना यांच्यापैकी कुणाशीही भीमरावांचे नाते असे सुरू झाले नव्हते. एक बागेतल्या वाचनातून, दुसरे वर्गातल्या कामातून, तिसरे एकत्र शिकण्यातून. मागणे फार नंतर आले, आणि पुष्कळदा समोरच्यानेच आपणहून विचारले. ईमेलला बाग आणि वर्ग नसतो, ही त्याची अडचण मला मान्य आहे. पण मग मेलमध्ये थोडे काम तरी दिसायला हवे. त्याने पिंपरी-चिंचवडमधील लहान कारखान्यांच्या थकलेल्या येण्यावर चार पानांचे टिपण स्वतः आकडे गोळा करून लिहिले होते, आणि ते कुणालाच पाठवले नव्हते. का, तर ‘कुणी मागितले नाही’.

गेल्या आठवड्यात त्याने ते टिपण जोडून सहा मेल पाठवले. विनंती एकच: यात काय चुकले आहे ते सांगाल का? पाचांकडून काही नाही. सहाव्या बाईंचे उत्तर आले. त्या कंपनी त्यांनी केव्हाच सोडली आहे, पण तिसऱ्या पानावरचा हिशेब चुकला आहे असे त्यांनी कळवले आणि बोलायला वेळ दिला.

शनिवारी सकाळी अकराला वीस मिनिटांचे बोलणे ठरले आहे. तिसरे पान त्याने दुरुस्त केले. आडनाव अजून घातलेले नाही, आणि मीही पुन्हा विचारलेले नाही.