वादकाचे कान आणि कायद्याची दोन मापे

वादकाच्या श्रवणाचा विचार कायदा दोन टप्प्यांवर करतो. कान शाबूत असताना तो आवाज मोजतो आणि कान बिघडल्यावर माणसाला मोजतो. पहिल्या टप्प्यावर ब्रिटनमधला कायदा आज भक्कम आहे. दुसऱ्या टप्प्यावर मात्र वादकाची बाजू लंगडी पडते, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिल्या टप्प्याची कसोटी लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये लागली. 1 सप्टेंबर 2012 रोजी वाग्नरच्या 'डी वाल्क्यूर'ची तालीम सुरू होती. क्रिस्टोफर गोल्डशायडर व्हायोला वाजवत होते. रंगमंचासमोरच्या दाटीवाटीच्या वादकांच्या खळग्यात, म्हणजे पिटमध्ये, पितळी वाद्यांचा ताफा त्यांच्या लगेच मागे होता आणि एका ट्रम्पेटचे तोंड थेट त्यांच्या उजव्या कानामागे. आवाजाची सरासरी 91 डेसिबलच्या आसपास होती, काही क्षणी तो 130 च्या वर गेला. कानात अखंड घुमणारा नाद, चक्कर आणि घरातली भांडी वाजली तरी सहन न होणे, हे सारे त्यांच्या वाट्याला आले. त्यांचे वादन थांबले.

डेसिबलचे गणित सरळ बेरजेचे नाही. 3 डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. म्हणजे 85 डेसिबलमध्ये आठ तास बसणे आणि 91 मध्ये दोन तास बसणे कानाला सारखेच. ब्रिटनच्या 2005 च्या नियमांनुसार दिवसाची सरासरी 85 वर पोहोचली की मालकाने आधी आवाजच कमी करायचा असतो. त्यासाठी बैठक बदलावी, अंतर वाढवावे, तालमींची विभागणी करावी. एवढे करूनही जो धोका उरेल, त्यासाठी इअरप्लग. हा क्रम फार महत्त्वाचा आहे, कारण नुसते प्लग हातात ठेवले की सगळा भार वादकावर येतो. प्लग घातला तर शेजाऱ्याचा स्वर नीट ऐकू येत नाही, न घातला तर कान जातो.

गोल्डशायडर यांनी भरपाईसाठी ऑपेरा हाउसवर दावा लावला. संस्थेचा युक्तिवाद असा होता की कारखान्यात आवाज हा कामाचा उपद्रव असतो, इथे आवाज हेच काम आहे. कलेच्या मोलापुढे नियम सैल व्हावेत, असा त्याचा रोख. 2018 मध्ये उच्च न्यायालयाने तो फेटाळला. वादकालाही इतर कामगारांइतकेच संरक्षण आहे, असे ठरवले. 2019 मध्ये अपील न्यायालयाने निकालाचा गाभा कायम ठेवला. पिटमध्ये सर्वांनी सतत प्लग घालावेत ही अपेक्षा मात्र व्यवहार्य नसल्याचे मान्य केले. मला ही दुरुस्ती योग्य वाटते. तिच्यामुळे मालकाची जबाबदारी हलकी होत नाही, उलट बैठक आणि अंतर यांकडे लक्ष देणे त्याला अधिकच भाग पडते.

दुसऱ्या टप्प्यावर ब्रिटनचा 2010 चा समता कायदा येतो. अपंगत्व सिद्ध झाले की मालकाने वाजवी सोयी द्यायच्या: पितळी वाद्यांपासून दूरची खुर्ची, मधला पडदा, सूचना लेखी. पण अपंगत्व ठरते ते रोजच्या सामान्य व्यवहारांवर होणाऱ्या परिणामावरून, आणि सरकारी मार्गदर्शिकेच्या दृष्टीने उच्च दर्जाचे वादन हा असा व्यवहार नव्हे. म्हणजे स्वर ओळखता येत नाही ही तक्रार एकटी पुरेलच असे नाही. फोनवरचे बोलणे कळत नाही, गर्दीत संवाद होत नाही, हे दाखवणे अधिक भरवशाचे.

आपल्याकडचा 2016 चा दिव्यांग हक्क कायदा तर आकडाच घालतो: दोन्ही कानांत, बोलण्याच्या ध्वनिपट्ट्यात, किमान 60 डेसिबलची हानी. गोंगाटाने होणारी इजा बहुधा 4000 हर्ट्झच्या आसपास सुरू होते, म्हणून सतारिया किंवा व्हायोलिनवादक या रेषेच्या कितीतरी आधीच कामातून उठू शकतो.

म्हणून पुराव्याची तयारी पहिल्या टप्प्यातच व्हायला हवी. मोठ्या आवाजात नियमित काम करणाऱ्यांची श्रवणतपासणी ब्रिटनचे नियम मालकावर बंधनकारक करतात. नोकरीच्या पहिल्या महिन्यातच काढलेला ऑडिओग्राम वादकाने मागून घ्यावा आणि त्याची प्रत स्वतःजवळ ठेवावी. पुढे काय गमावले ते त्याच्याशी ताडूनच दाखवता येते.