निनावी रान

परवा दुपारी नातवाने आपल्या इअरफोनची दोन्ही बोंडं माझ्या कानात बसवली आणि म्हणाला, "आजोबा, ऐकून तर पहा न जी. नाही आवडलं तर काढून टाका." मे महिना, बाहेर आमचं नागपुरी ऊन, घरात कूलरची घरघर. म्हटलं, चला, आज तुझंही ऐकू. पहिल्यांदा वाटलं, कूलरचाच पंखा निखळला! ढोलांचा अखंड गडगडाट, त्यावर गिटारींचा लोंढा, आणि या सगळ्याच्या मागे कोणीतरी जिवाच्या आकांताने ओरडतो आहे. शब्द एकही कळेना. नातवाचा चेहरा मात्र देवघरात बसल्यासारखा.

बोंडं काढणार होतो, तेवढ्यात एक जुनी गोष्ट आठवली. उमेदीच्या काळात काही वर्षं मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका आडगावी मास्तर होतो. (गडचिरोली जिल्हा वेगळा झाला १९८२ साली, त्याआधीची ही गोष्ट.) तिथे सागाच्या रानात पहिला पाऊस ऐकला होता. सागाचं पान सुपाएवढं. अशा लाखो पानांवर सर कोसळली की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. रान शांत असतं, हे शहरातल्या लोकांचं मत आहे. नातवाच्या त्या गोंगाटात मला तो पाऊस ऐकू आला, आणि बोंडं कानातच राहिली.

मग चौकशी केली. या वाद्यवृंदाचं नाव 'पॅनॉप्टिकॉन'. वाद्यवृंद म्हणायचं नावालाच, ऑस्टिन लन नावाचा एक अमेरिकन गृहस्थ बहुतेक सगळी वाद्यं एकटाच वाजवतो. २०१२ साली त्याने 'केंटकी' नावाचा अल्बम काढला. त्यात हे कर्कश 'मेटल' संगीत आणि तिथल्या डोंगरी लोकांचं बँजो-फिडलचं संगीत एकत्र नांदवलं, कोळसा खाणीतल्या कामगारांची जुनी गाणीही घेतली. आम्ही उमरेड-बल्लारपूरकडची माणसं, त्यामुळे कोळसा आणि जंगल यांचं नातं आम्हाला समजावून सांगावं लागत नाही. नातवाने ऐकवला तो मात्र २०१८ सालचा दुहेरी अल्बम, जवळजवळ दोन तासांचा. पहिल्या भागात वादळ, दुसऱ्या भागात साधी गिटार आणि माणसाचा साधा आवाज. दुसरा भाग मला आवडला, हे कबूल करतो. अशा मिश्रणाची सुरुवात नातू सांगतो त्याप्रमाणे नॉर्वेकडची. 'उल्व्हर' या मंडळींचा १९९५ सालचा 'बर्गटॅट' नावाचा अल्बम आहे, त्या शब्दाचा अर्थ 'डोंगराने ओढून नेलेली'. डोंगरातल्या अदृश्य लोकांनी भुलवून पोटात घेतलेल्या मुलीची ती कथा. हा डोंगर लक्षात ठेवा, पुढे लागेल.

या दुहेरी अल्बमचं नाव भलं लांबलचक आहे, 'द स्कार्स ऑफ मॅन ऑन द वन्स नेमलेस विल्डरनेस'. म्हणजे 'एकेकाळच्या निनावी रानावरचे माणसाचे व्रण'. व्रण समजले. 'निनावी'पाशी मी अडलो. मास्तर माणूस, शब्दापाशी अडायचाच.

हा अल्बम केला तेव्हा लन मिनेसोटा राज्यात राहत होता. आता 'मिनेसोटा' हा शब्दच मुळी डाकोटा लोकांचा, तिथल्या नदीच्या पाण्याच्या रंगावरून पडलेला. म्हणजे रानाला नाव होतं. ज्यांनी ते ठेवलं त्यांना तिथून हुसकावलं, एवढंच.

आमच्याकडे काय झालं? मी ज्या गावात होतो तिथे प्रत्येक नाल्याला, टेकडीला, एकेका मोठ्या दगडालासुद्धा गोंडी नाव होतं. पोरं ती नावं घडाघडा म्हणत. जंगलखात्याच्या नकाशावर मात्र कक्ष क्रमांक अमुक, कक्ष क्रमांक तमुक. इंग्रजांचा पहिला वनकायदा १८६५ चा, दुसरा आणि जास्त कडक १८७८ चा. रान निनावी नव्हतंच, ते कागदावर निनावी करण्यात आलं.

गंमत अशी, की त्याच सुमारास आमच्या नागपुरात त्या रानाचं एक मोठं गाणं कागदावर उतरलं. स्टीफन हिस्लॉप हे नाव नागपूरकरांना कॉलेजमुळे माहीत असतं. हा स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आला. धर्मप्रसार करायचा, शाळा चालवायची, आणि उरलेल्या वेळात दगड, जीवाश्म आणि माणसं यांचा शोध घ्यायचा. एका परधानाच्या तोंडून त्याने गोंडांचं उत्पत्तीचं गाणं उतरवून घेतलं. परधान म्हणजे गोंडांचे पिढीजात गायक. त्यांचं वाद्य बाना, काही भागात किंगरी म्हणतात. बडादेव ऐनाच्या झाडात असतो आणि बाना वाजला की जागा होतो, अशी श्रद्धा. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटजवळची शिळावर्तुळं पाहून परतताना बोरीच्या पुराच्या पाण्यात हिस्लॉप बुडाला. मागे राहिलेले कागद चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये नागपुरातच छापून प्रसिद्ध केले. गोंडी शब्द रोमन लिपीत आणि सोबत इंग्रजी अर्थ. निवृत्तीनंतर नातवानेच ते पुस्तक इंटरनेटवरून उतरवून दिलं. माझं शिक्षण मराठी माध्यमातलं, त्यामुळे शब्दकोश मांडीवर घेऊन दोन महिने वाचत होतो.

काय गाणं आहे! महादेव गोंडांना एका गुहेत कोंडतो आणि तोंडाशी प्रचंड शिळा लावतो. चौघे भाऊ तेवढे निसटून काचीकोपा लोहागडला जातात. तिथे त्यांना लिंगो भेटतो. तो त्यांना झाडं तोडून शेत करायला शिकवतो. भाऊ कुऱ्हाडी चालवतात, हाताला फोड येतात आणि कुऱ्हाडी टाकून बसतात. भात उगवतो तर रोही म्हणजे नीलगायी येऊन फस्त करतात. पुढे विस्तव आणायला लिंगो एका म्हाताऱ्या राक्षसाकडे जातो, पिंपळावर बसून वाद्य वाजवतो, आणि राक्षस व त्याची बायको दोघं नाचू लागतात. हाताच्या फोडांपाशी मी बराच थांबलो होतो. रानावरच्या व्रणाची गाणी आज पुष्कळ आहेत. इथे कुऱ्हाड धरणाऱ्या हातावरचा व्रणही आहे, आणि पीक खाऊन टाकणारं रानही. गाणाऱ्याने कोणाचीच बाजू घेतलेली नाही.

पुढची तऱ्हा पहा. जंगलखात्यात काम केलेला कॅप्टन फोरसाइथ, त्याने १८७१ च्या आपल्या 'हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया' या पुस्तकात हेच गाणं इंग्रजी पद्यात आणलं. छंद कोणता घेतला? अमेरिकन कवी लाँगफेलोच्या 'हायावाथा'चा. लाँगफेलोने १८५५ च्या त्या काव्यात कथा घेतल्या ओजिब्वे लोकांच्या, सुपीरियर सरोवराच्या काठच्या, आणि छंद घेतला फिनलंडच्या 'कालेवाला'चा. म्हणजे नागपूरजवळच्या परधानाचं गाणं फिनलंडचा अंगरखा घालून, मिनेसोटाच्या रानातून फिरून लंडनच्या वाचकापर्यंत पोचलं. नातू कौतुकाने ज्याला 'फ्यूजन' म्हणतो, ते असं दीडशे वर्षांपूर्वीच होऊन बसलं आहे. फक्त त्यात बाना नव्हता. शब्द छापले गेले, सूर बोरीच्या पाण्यात गेला म्हणा.

या कामात एक मराठी माणूस मनापासून उतरला होता, त्याचं नाव कोणी घेत नाही म्हणून इथे घेतो. शामराव हिवाळे. पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघातून व्हेरिअर एल्विनबरोबर ते १९३२ मध्ये मंडला जिल्ह्यात गेले. दोघांनी मिळून १९३५ मध्ये गोंडांच्या रानगाण्यांचा इंग्रजी संग्रह काढला, आणि १९४६ मध्ये हिवाळ्यांनी परधानांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. असो.

गोंड स्वतः सांगतात ती गुहेची कथा मात्र टेंपलच्या पुस्तकापेक्षा निराळी आहे. नागपुरात रिझर्व्ह बँकेत नोकरी करून गोंडी भाषेचा अभ्यास करणारे डॉ. मोतीरावण कंगाली (ते २०१५ मध्ये गेले) यांनी ती लिहून ठेवली. काली कंकालीची तेहतीस मुलं गुहेत कोंडलेली होती. हिरासुका पाटालीर नावाच्या गायकाने बाहेरून किंगरी वाजवली, त्या सुरांनी मुलांच्या अंगात बळ आलं, आतून-बाहेरून जोर लागला आणि शिळा सरकली. मुलं सुटली, पण हिरासुका त्या शिळेखाली चिरडला गेला. ती गुहा म्हणजे गोंदिया जिल्ह्यातलं कचारगड. माघ पौर्णिमेला तिथे यात्रा भरते. नागपूरहून रेल्वेने दरेकसा, पुढे पायी. मी एकदा जाऊन आलो. गुहेचं तोंड पाहिलं की शिळा केवढी असेल याचा अंदाज येतो.

आणि आता माझी गोष्ट, जी लिहावी की नाही असं दोन दिवस चाललं होतं. त्या आडगावी एका पंधरा ऑगस्टला एक विद्यार्थी आपल्या आज्याला शाळेत घेऊन आला. म्हातारा परधान, हातात कापडात गुंडाळलेली किंगरी. कार्यक्रमात गाईल म्हणाला. कार्यक्रम माझ्याकडे होता. मी घड्याळ पाहिलं आणि म्हटलं, "बाबा, पाच मिनिटांत आटपा." त्याने विचारलं, "गुरुजी, पाच मिनिटांत कोन्ता देव उठते?" पोरं हसली. मीही हसलो. त्याने कापड सोडलंच नाही. मुलांनी प्रभातफेरीची गाणी म्हटली, जिलेबी वाटली, कार्यक्रम वेळेत संपला. तो विद्यार्थी दिवाळीनंतर शाळेत आला नाही.

दोन तासांचा अल्बम ऐकून झाल्यावर हे सगळं मी नातवाला सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "त्यांनी काय गायलं असतं, आजोबा?"

मी लिंगोची कथा सांगायला बसलो. गुहा झाली, कुऱ्हाडी झाल्या, रोही भात खाऊन गेले. राक्षस पिंपळाखाली नाचू लागला तोच लाईट गेली आणि कूलर थांबला. नातवाने गळ्यात लोंबणारी बोंडं काढून खाटेवर टाकली.

"पुढे?" म्हणाला.