मुखचर्या आणि तिरपा उजेड

छायाचित्रणाचा इतिहास लिहिणारे बहुतेक लेखक यंत्राचा इतिहास लिहितात. भिंग कसें सुधारलें, काच जाऊन फिल्म कशी आली, याची हकीकत त्यांत सविस्तर असते. परंतु ज्याच्यावांचून यंत्र आंधळें, त्या उजेडाची गोष्ट दोन ओळींत आटोपली जाते. विजेचा क्षणदीप, ज्यास सर्वत्र ‘फ्लॅश’ म्हणतात, तो कॅमेऱ्यावरून उतरवून बाजूला ठेवण्याची विद्या हल्लीं उमेदवार छायाचित्रकारांस नवी म्हणून शिकविली जाते. ती नवी नसून तीच जुनी होय, असें आमचें मत आहे.

१८३९ सालीं पॅरिस येथें दागेरची युक्ति जाहीर झाली आणि १८५४ सालीं मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. मध्यें अवघीं पंधरा वर्षें! डॉ. भाऊ दाजी यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे त्या मंडळींतील नांवाजलेले छायाचित्रकार. पुढल्याच वर्षीं एल्फिन्स्टन संस्थेंत या विद्येचा वर्गही निघाला. त्या काळीं बसणाऱ्यास कित्येक सेकंद निश्चल राहावें लागे. जुन्या चित्रांतील ती ताठ मान व ते वटारलेले डोळे हा आपल्या पूर्वजांच्या स्वभावाचा दोष नव्हे. उजेडाच्या टंचाईचा तो परिणाम होय. चित्रशाळेची काच उत्तरेकडे ठेवीत, म्हणजे ऊन थेट आंत न येतां मऊ, एका बाजूचा उजेड मुखावर पडे. ही रीत युरोपांतली. वऱ्हाडांत ज्येष्ठ-आषाढांत मध्याह्नीचा सूर्य किंचित उत्तरेसच असतो, तेव्हां तेथें ती काच पडद्यानें झांकल्याशिवाय गत्यंतर नाहीं. त्र्यंबकेश्वरीं १८७० सालीं जन्मलेले दादासाहेब फाळके हे चित्रपटाकडे वळण्यापूर्वीं गोध्रा येथें असाच छायाचित्रणाचा धंदा करीत होते.

सूर्य मावळला कीं हा धंदा बंद. त्यावरील तोड प्रथम मॅग्नेशियमनें काढली. १८६४ सालीं मँचेस्टर येथें आल्फ्रेड ब्रदर्स यांनीं या धातूची फीत जाळून चित्र घेतलें. पुढल्या वर्षीं पियाझ्झी स्मिथ यांनीं तोच उजेड मिसरच्या मोठ्या पिरॅमिडच्या पोटांत नेला. १८८७ सालीं मीथे आणि गेडिके या दोघां जर्मनांनीं मॅग्नेशियमच्या भुकटींत पोटॅशियम क्लोरेट व अँटिमनीचें गंधकयुक्त क्षार मिसळून क्षणार्धांत भडकणारी पूड तयार केली. न्यूयॉर्कच्या अंधाऱ्या चाळींतील दारिद्र्य जेकब रीस यांनीं जगापुढें मांडलें तें याच पुडीच्या जोरावर; या खटाटोपांत एकदां त्यांच्या हातून घरासच आग लागली.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. ही पूड तबकडींत घालून हातांत उंच धरावयाची, भिंगाचें झांकण काढावयाचें, पूड पेटवावयाची आणि झांकण पुन्हां लावावयाचें. असला स्फोटक पदार्थ कॅमेऱ्याला चिकटवून ठेवण्याचें धाडस कोण करील? तेव्हां उजेड आपोआपच बाजूनें व वरून येई. १९२९-३० च्या सुमारास जर्मनींत काचेच्या बंद गोळ्याची युक्ति निघाली, धूर व भीति गेली, आणि तो गोळा कॅमेऱ्याच्या कुशीस येऊन बसला. १९३१ पासून अमेरिकेंत एजर्टन यांनीं विजेच्या ठिणगीचा दिवा सिद्ध केला. तो लहान होत होत शेवटीं कॅमेऱ्याच्या डोक्यावरच चढला. सोय झाली, पण मुखचर्या हरपली.

ही हानि काय तें अमरावती जिल्ह्यांतील नांदगांव खंडेश्वर येथील यादवकालीन हेमाडपंती देवालयाच्या उदाहरणानें चांगलें समजेल. अशा काळ्या दगडाच्या खांबावर समोरून प्रखर उजेड टाकला तर नक्षी पुसल्यासारखी होते. तोच दिवा बाजूनें, जवळजवळ दगडाला लागून धरला कीं प्रत्येक वेलबुट्टी उठून दिसते. झिजलेले शिलालेख वाचणारे पंडित हीच युक्ति योजितात. मनुष्याचें मुख हाहि एक लेखच आहे. भिंगाच्याच दिशेनें आलेला उजेड सावल्या मागें लपवितो, आणि नाक, गाल, सुरकुत्या सर्व एका पातळीवर आणतो. कित्येक घरांतील लग्नाचे आल्बम अशा सपाट, चकाकणाऱ्या मुखांनीं भरलेले आहेत; आणि आजोबांच्या मागें त्यांचें तेवढेंच एक चित्र उरलें असेल तर हें नुकसान भरून येणारें नाहीं.

कोल्हापूरचे बाबूराव पेंटर यांस हें मर्म चित्रकार या नात्यानें ठाऊक होतें. त्यांच्या ‘सिंहगड’ (१९२३) या मूकपटांत कृत्रिम उजेडाचा उपयोग झाला होता. २००६ सालीं अमेरिकेंतील डेव्हिड हॉबी या वृत्तपत्र-छायाचित्रकारानें लहान दिवे कॅमेऱ्यापासून दूर ठेवण्याची शिकवण सर्वांस मोफत उपलब्ध केली, तेव्हांपासून हा जुना मार्ग पुन्हां रुळला.

शिकणाऱ्यास यांत कठीण वाटतें तें एवढेंच कीं एका चित्रांत दोन उजेड असतात. दिव्याची चमक सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाहूनहि बहुधा कमी टिकते. म्हणून पडदा किती वेळ उघडा ठेवावा यानें दिवसाचा उजेड कमीजास्त होतो, चमकेवर त्याचा परिणाम होत नाहीं. मात्र पडदा सेकंदाच्या सुमारें दोनशेव्या भागाहून जलद केला तर चित्राचा कांहीं भाग काळाच राहतो. चमक आवरावयाची ती भिंगाच्या छिद्रानें अथवा अंतरानें; अंतर दुप्पट केलें कीं उजेड चौथाई उरतो. दिवा डोळ्यांच्या पातळीच्या वर, सुमारें पंचेचाळीस अंशांवर ठेवावा, आणि पुढें पांढरी छत्री किंवा धुतलेलें धोतर धरावें. उजेडाचा पृष्ठभाग जितका मोठा व जवळ, तितकी सावली मऊ.

भर दुपारीं शेतकरी उभा आहे, पागोट्याची सावली डोळ्यांवर पडली आहे, अशा वेळीं तर ही विद्या फारच उपयोगी पडते. आधीं पाठीमागील पऱ्हाटीचें शेत व आकाश नीट उमटेल असा पडदा व छिद्र ठरवावें, मग एका बाजूनें छत्रीआडून हलकीशी चमक द्यावी. चमक अधिक झाली तर तो मनुष्य कापून चिकटविल्यासारखा दिसतो. बेताची असली तर पागोट्याखालीं डोळे दिसूं लागतात, आणि चित्र पाहणाऱ्यास दिवा होता याची शंकाहि येत नाहीं.