दारचा वृक्ष आणि राज्याची गरज

जी वस्तू नित्य डोळ्यांसमोर असते तिच्याकडे मनुष्याचे लक्ष सर्वांत कमी जाते. वृक्षांच्या बाबतीत असेच झाले आहे. जुन्या लोकांची गोष्ट निराळी होती, याची साक्ष गावांची व वस्त्यांची नावेच देतात. पुण्याजवळच्या चिंचवड या एका नावात दोन वृक्ष सामावले आहेत. मुंबईत वडाळा, चिंचपोकळी, चिंचबंदर, फणसवाडी ही नावे अद्याप व्यवहारात आहेत. ज्या झाडावरून जागा ओळखावयाची ते झाड बहुधा गेले, नाव तेवढे उरले. झाड राहावे की जावे, हा प्रश्न कोणत्या न्यायाने सोडवावयाचा, याचा विचार महाराष्ट्रात पूर्वी झालेला आहे व तो आजही मननीय आहे.

मार्गावर सावली करणे हे राजाचे कर्तव्य होय, ही कल्पना या देशात फार प्राचीन आहे. माणसांना व पशूंना सावली मिळावी म्हणून मार्गांवर वड लावविले आणि आमराया करविल्या, अशी नोंद इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने आपल्या स्तंभलेखात केली आहे. परंतु वृक्ष लावण्यात राज्याचे काही जात नाही. त्याला त्या वृक्षाच्या लाकडाची गरज पडते तेव्हाच खरी कसोटी लागते.

ही कसोटी रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात स्पष्ट दिसते. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांत बसलेल्या या मुत्सद्द्याने १८व्या शतकाच्या दुसऱ्या दशकात शिवकालीन राजनीतीचे सार या ग्रंथात सांगितले. वृक्षांविषयीचा उपदेश त्यात आरमाराच्या प्रकरणी येतो, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. समुद्रावर सत्ता राखावयाची तर गलबते हवीत, आणि गलबतांना लाकूड हवे. ही गरज खोटी नव्हती. कोकणच्या किनाऱ्यावर सिद्दी, पोर्तुगीज व इंग्रज यांच्याशी गाठ होती. तरीही अमात्य बजावतात की, सागवानासारखे लाकूड अरण्यातून परवानगीने आणावे, अधिक लागल्यास विकत घ्यावे. मात्र आंबा-फणसासारखी झाडे आरमाराच्या उपयोगाची असूनही त्यांना हात लावू देऊ नये. कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती मुलांप्रमाणे दीर्घकाळ वाढविलेली असतात, आणि ती तोडल्यावर तिच्या दुःखाला पारावार राहत नाही. एकाला पीडा देऊन साधलेले कार्य टिकत नाही आणि प्रजापीडनाचा दोष धन्याच्या माथी येतो. एखादे झाड जीर्ण होऊन निरुपयोगी झाले असेल, तर धन्याला राजी करून, द्रव्य देऊन, त्याच्या संतोषाने तोडावे. बलात्कार सर्वथा करू नये.

येथे वृक्षाची किंमत लाकडावरून केलेली नाही. त्याला लागलेली वर्षे आणि त्यात गुंतलेले माणसाचे मन, या दोहोंवरून ती केली आहे.

पुढे १९व्या शतकात शहरे वाढली आणि रस्त्यांवर परदेशी वृक्ष आले. गुलमोहर मादागास्करचा; पर्जन्यवृक्ष उष्ण अमेरिकेतला. मुंबईची राणीची बाग १८६२ साली खुली झाली. गुलमोहरावाचून वैशाखाची कल्पना आता नागरिकांना करवत नाही. तथापि एतद्देशीय वड, पिंपळ व उंबर यांचे कार्य निराळे आहे. त्यांच्या फळाच्या पोटातच फुले असतात. सूक्ष्म कीटक आत शिरून त्यांचे परागसिंचन करतात, आणि पिकलेल्या फळांवर तांबट, कोकीळ, हरियाल व वटवाघळे पोसली जातात. असा एक वड पडला म्हणजे एक अन्नछत्रच बंद होते.

स्वतंत्र भारतात महाराष्ट्राने १९७५ साली नागरी क्षेत्रांतील झाडांच्या रक्षणाचा कायदा केला. २०२१ साली त्यात दुरुस्ती होऊन ५० वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या वृक्षाला वारशाचा दर्जा मिळाला, आणि तोडलेल्या झाडाचे वय जितकी वर्षे तितकी रोपे लावावीत असा दंडक आला. झाडाचे मोल वर्षांत मोजण्याची ही रीत आज्ञापत्राच्या विचाराजवळ जाते. मात्र ६० रोपे म्हणजे ६० वर्षांचा वड नव्हे. मधल्या पिढीला सावली मिळावयाची नाही ती नाहीच.

राज्याची गरजही पूर्वीसारखीच खरी आहे. २०१९च्या ऑक्टोबरात मुंबईत आरे येथे मेट्रो रेल्वेच्या गाड्यांच्या तळासाठी २,०००हून अधिक झाडे तोडली गेली. नागरिकांनी विरोध केला आणि ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने पुढील तोड थांबविली. रेल्वे लोकांसाठीच होती. पण आरमारही लोकांच्या रक्षणासाठीच होते. गरज सिद्ध झाली म्हणजे संमतीची आवश्यकता संपली, असे अमात्यांनी मानले नाही.

रस्त्यावरच्या वृक्षाला आज एक धनी नाही. सर्वच त्याचे धनी आहेत. म्हणून त्याची चौकशी करणेही सर्वांकडेच येते. आपल्या गल्लीत कोणते वृक्ष आहेत, त्यांची नावे काय, ते कधी फुलतात, हे ज्या घरांतील मुलांना ठाऊक असेल, त्या घरांची संमती कोणाला गृहीत धरता येणार नाही. ज्याचे नावही माहीत नाही, त्याच्यासाठी कोणी शब्द खर्च करीत नाही.