आडात आहे, पोहऱ्यात नाही

गेमिंगचा पीसी बनवायचा तर सगळे पार्ट 'बॅलन्स्ड' हवेत, असं हल्ली जो तो सांगतो. ऑफिसच्या कँटीनमधला फ्रेशर सांगतो, दुकानदार सांगतो, यूट्यूबवाले तर सांगतातच. पण बॅलन्स म्हणजे नक्की काय? कशाचा कशाशी? मला विचाराल तर याचं उत्तर स्पेसिफिकेशनच्या तक्त्यात कमी आणि इतिहासात जास्त सापडतं. म्हणून या शनिवारी कोड बाजूला ठेवून थोडा इतिहास. सुरुवात डूमपासून, कारण गेमिंगच्या गोष्टीची सुरुवात दुसरीकडून करणं पाप आहे :)

१० डिसेंबर १९९३ ला अमेरिकेतल्या इड सॉफ्टवेअर नावाच्या छोट्या कंपनीने डूम बाहेर काढला. त्याचा पडदा ३२० बाय २०० ठिपक्यांचा, आणि दर ठिपक्याला एक बाइट. म्हणजे एका चित्राचे ६४,००० बाइट. गेम सेकंदाला जास्तीत जास्त ३५ चित्रं काढायचा, कारण व्हीजीएचा पडदा सेकंदाला ७० वेळा ताजा व्हायचा, त्याच्या हे बरोबर निम्मं. आता गुणाकार करा: २२,४०,००० बाइट. दर सेकंदाला साधारण सव्वादोन एमबी डिस्प्ले कार्डापर्यंत पोचले पाहिजेत.

आज या आकड्याचं हसू येईल. पण तेव्हा बहुतेक मशिनांत डिस्प्ले कार्ड बसायचं ते आयएसए स्लॉटमध्ये. हा रस्ता १९८४ च्या आयबीएम एटीपासून चालत आलेला, १६ बिट रुंद आणि वेग ८ मेगाहर्ट्झच्या आसपास. एका खेपेला किमान दोन ठोके लागतात, म्हणजे कागदावर सेकंदाला ८ एमबी. प्रत्यक्षात कार्ड 'थांब जरा, थांब जरा' म्हणत राहायचं आणि बऱ्याच कार्डांना त्याच्या निम्मंही झेपायचं नाही. समजा तुमचं कार्ड सेकंदाला ३ एमबी घेतंय. मग ३५ चित्रांचे बाइट नुसते ओतण्यातच सेकंदाचा पाऊण भाग गेला! आणि ओतणारा कोण? प्रोसेसरच. तो ओतत असताना बाकी काही करू शकत नाही. भिंती, राक्षस, बंदुका यांचं सगळं गणित उरलेल्या पाव सेकंदात.

आपल्याकडे म्हण आहे, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. इथे नेमकं उलटं झालं होतं. आडात पाणी भरपूर, पोहराच फुलपात्राएवढा. ४८६ डीएक्स२-६६ सारखा त्या काळचा दणदणीत प्रोसेसर घेतला आणि त्याला असं कार्ड जोडलं, की तो दिवसभर फुलपात्राने पाणी शेंदत बसायचा.

यावरचा पहिला उपाय भलताच जुगाडू होता. १९९२ मध्ये व्हेसा लोकल बस आली. कल्पना अशी, की जुना रस्ता रुंद करण्याच्या भानगडीत न पडता कार्ड थेट ४८६ च्या स्वतःच्याच बसवर बसवायचं. एकदम ३२ बिट, ३३ मेगाहर्ट्झ. तीच मशीन, तोच प्रोसेसर, फक्त कार्ड आणि स्लॉट वेगळा, आणि डूम ओळखू येणार नाही इतका पळायला लागला. कार्डं मात्र इतकी लांबलचक, की बसवताना मदरबोर्ड मोडतो की काय अशी धाकधूक वाटावी. शिवाय ही बस ४८६ च्या बेंबीला बांधलेली, त्यामुळे पेंटियम आल्यावर तिचं काम संपलं. तिची जागा पीसीआयने घेतली. तिच्यात प्रोसेसर आणि कार्ड यांच्यामध्ये नीट व्यवस्था होती आणि कागदावर सेकंदाला १३३ एमबीची सोय. पोहऱ्याचा प्रश्न सुटला. (तात्पुरता. तो पुन्हा येणार आहे.)

एक जागा रुंद केली की चिमटा दुसरीकडे सरकतो. १९९६ च्या जूनमध्ये इडचाच क्वेक आला आणि चिमटा थेट प्रोसेसरच्या पोटात सरकला.

क्वेकचं जग खरं त्रिमितीय. भिंतीवरचं चित्र तिरक्या कोनातून बरोबर दिसायचं तर ठिपक्याठिपक्याला भागाकार लागतो, आणि भागाकार हे प्रोसेसरचं सगळ्यात नावडतं काम. मायकेल अ‍ॅब्रॅश आणि जॉन कारमॅक यांच्या कोडमध्ये युक्ती अशी होती, की भागाकार दर १६ ठिपक्यांमागे एकदाच करायचा आणि मधले ठिपके अंदाजे भरायचे. वर आणखी एक गंमत. पेंटियममध्ये दशांश गणिताचा विभाग भागाकार करत असताना पूर्णांकाचा विभाग दुसरं काम करू शकतो. म्हणजे पुढच्या १६ ठिपक्यांचा भागाकार मागे चुलीवर शिजतोय आणि तोवर आधीचे १६ रंगवून होतायत. भागाकार जवळजवळ फुकटात! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खुर्चीतून उठून एक फेरी मारून आलो होतो.

पण हे फुकट फक्त पेंटियमवर. त्याच काळात सायरिक्स कंपनीचा ६एक्स८६ प्रोसेसर स्वस्तात मिळत होता. तो १३३ मेगाहर्ट्झवर चालायचा आणि विकला जायचा 'पी१६६+' या नावाने, म्हणजे १६६ च्या पेंटियमच्या तोडीचा. हे खोटं नव्हतं बरं का. ऑफिसची कामं, टायपिंग, हिशोब यांच्या चाचणीत तो खरंच तोडीचा होता. दशांश गणितात मात्र कमकुवत, आणि पेंटियमसारखी ती समांतर चूल त्याला जमत नव्हती. वर्ड पळतोय, एक्सेल पळतंय आणि क्वेक लंगडतोय. सायरिक्सबद्दल मला कायम वाईट वाटत आलंय. त्यांनी बनवताना गेलं वर्ष पाहिलं आणि एका गेमने प्रश्नपत्रिकाच बदलली. १९९७ मध्ये ती कंपनी नॅशनल सेमीकंडक्टरने घेतली, १९९९ मध्ये व्हियाकडे गेली, आणि हळूहळू नावच विरून गेलं.

मग थ्रीडीएफएक्सचं वूडू कार्ड, १९९६ मध्येच. रंगवण्याचं काम प्रोसेसरकडून काढून कार्डाकडे. १९९७ च्या जानेवारीत क्वेकची त्यासाठीची आवृत्ती आली आणि लोक वेडे झाले. दोनच वर्षांत, १९९८ मध्ये, दोन वूडू२ जोडून लावायची फॅशन आली. इथे बॅलन्सचा धडा महागात मिळायचा. त्रिकोणांची ठिकाणं काढायचं काम अजून प्रोसेसरकडेच होतं, त्यामुळे जुन्या प्रोसेसरवर दुसऱ्या कार्डाचा उपयोग शोभेपुरता. दोन जेवणारे आणि वाढणारा एकच, तोही म्हातारा. ते काम कार्डात गेलं १९९९ च्या जीफोर्स २५६ पासून.

१९९८ मधली अजून एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. इंटेलने एप्रिलमध्ये सेलेरॉन नावाचा स्वस्त प्रोसेसर काढला, आणि स्वस्त करण्यासाठी त्यातली दुसऱ्या पातळीची कॅश चक्क कापून टाकली. कॅश म्हणजे प्रोसेसरच्या हाताशी असलेला मिसळणाचा डबा. तो नसेल तर प्रत्येक चिमूटभर हळदीसाठी कोठीच्या खोलीत जा. टीका झाली आणि ऑगस्टमध्ये ३००ए आला. त्यात १२८ केबी कॅश, पण प्रोसेसरच्याच चिपवर आणि पूर्ण वेगाने चालणारी. महागड्या पेंटियम टूमध्ये ५१२ केबी होती, पण वेगळ्या चिपांवर, निम्म्या वेगाने. छोटा डबा, पण हाताशी! लोकांनी त्याची बस ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेली. गुणक साडेचारचा ठरलेला, म्हणून ३०० चा झाला ४५०. सगळेच नमुने टिकायचे नाहीत, पण बरेच टिकायचे, आणि गेममध्ये कितीतरी महाग पेंटियम टूच्या मांडीला मांडी लावून बसायचे.

आता जरा आपल्याकडे. त्या वर्षांत आपल्या बहुतेक घरांतला पहिला संगणक असेंबल्ड असायचा. मुंबईत लॅमिंग्टन रोड (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, म्हणतं कोणी नाही), हातात कोटेशनचा कागद, सोबत वडील. खर्च काही महिन्यांच्या पगाराएवढा. आणि त्या कागदावर गोल केलेले आकडे दोनच, प्रोसेसरचे मेगाहर्ट्झ आणि हार्ड डिस्कचे जीबी. मदरबोर्डपुढे नुसतं 'ऑनबोर्ड डिस्प्ले' असं लिहिलेलं, आणि ते वैशिष्ट्य म्हणून सांगितलं जायचं!

त्यातले बरेच बोर्ड इंटेलच्या ८१० चिपसेटचे. १९९९ मध्ये आलेला हा चिपसेट. ग्राफिक्स त्याच्यातच, मेमरीचा वाटा मुख्य रॅममधून घेणारं. आधीच रॅम ६४ एमबी, त्यातून हा वाटा. तेही एक वेळ चालेल म्हणा, पण त्यात एजीपीचा स्लॉट नव्हताच. पुढे वर्षभराने पोराने ट्यूशनचे पैसे साठवून ग्राफिक्स कार्ड घ्यायचं म्हटलं तर लावणार कुठे? जुन्या पीसीआयमध्ये बसणारं काहीतरी शोधा, नाहीतर बोर्ड बदला. २००० सालच्या ८१५ मध्ये ऑनबोर्ड ग्राफिक्सही होतं आणि एजीपी स्लॉटही. पण कोटेशनच्या कागदावर ८१० आणि ८१५ यांतला फरक कोण समजावून सांगणार? वडिलांनी मेगाहर्ट्झ पाहून होकार दिला, आणि खरा निर्णय दुसऱ्याच ओळीत झाला होता.

मोठ्या आकड्यामागे अरुंद वाट लपवण्याचा कळस २००१ मध्ये झाला. पेंटियम फोर रॅम्बसच्या महागड्या मेमरीसाठी बनवलेला होता, त्याची बस सेकंदाला ३.२ जीबी घेऊ शकायची. स्वस्त मशिनांसाठी ८४५ चिपसेट आला साध्या पीसी१३३ रॅमसकट, आणि ती रॅम देते सेकंदाला १.०६ जीबी. तीन मागायचे आणि एक मिळायचा. खोक्यावर गिगाहर्ट्झचा आकडा मात्र तोच. काही महिन्यांतच डीडीआर रॅम घेणारा ८४५ आला, पण तोवर ज्यांनी घेतलं त्यांनी घेतलं.

हे सगळं आज का उकरतोय? निमित्त भाचा. पहिल्या पगारातून पीसी बांधतोय आणि परवा फोनवर म्हणाला, "मामा, या प्रोसेसरवर हे कार्ड लावलं तर बारा टक्के बॉटलनेक दाखवतंय." कोण दाखवतंय, तर एक कॅल्क्युलेटर. दोन नावं टाका, एक टक्केवारी घ्या. अरे पण गेम कुठला? पडदा केवढा? १९२० बाय १०८० च्या पडद्यावर २०,७३,६०० ठिपके, फोरकेच्या पडद्यावर ८२,९४,४००, बरोबर चौपट. ग्राफिक्स कार्डाचं काम त्या प्रमाणात फुगतं, प्रोसेसरचं मात्र दर चित्रामागे जवळपास तेवढंच राहतं. म्हणजे तीच जोडी एका पडद्यावर प्रोसेसरची वाट बघते आणि दुसऱ्यावर कार्डाची. टक्केवारी जोडीची नसतेच. मी त्याला म्हटलं, आधी मॉनिटर आणि खेळायचे तीन-चार गेम ठरव, मग फोन कर.

सरासरीनेही लोक असेच फसतात. समजा एका सेकंदात ६० चित्रं आली. वा! पण ५९ चित्रं पहिल्या अर्ध्या सेकंदात आली आणि साठाव्याला उरलेला अर्धा सेकंद लागला, तरी सरासरी साठच, आणि तुम्ही मात्र अर्धा सेकंद गोठलेल्या पडद्याकडे बघत मेलात. द टेक रिपोर्टच्या स्कॉट वॅसनने २०११ मध्ये प्रत्येक चित्राला लागलेला वेळ वेगळा मोजून दाखवला आणि मग कुठे ही गोष्ट नीट चर्चेत आली. मेमरी अपुरी पडणं, टेक्श्चर वेळेवर न पोचणं हे सगळं अशा झटक्यांत दिसतं, सरासरीत बुडून जातं.

मिसळणाचा डबा अजून तसाच कामाचा आहे. एएमडीने २०२२ मध्ये रायझेन ७ ५८००एक्स३डी काढला. त्याचा कमाल वेग साध्या ५८००एक्सपेक्षा कमी, ४.७ ऐवजी ४.५ गिगाहर्ट्झ. पण तिसऱ्या पातळीची कॅश ३२ ऐवजी ९६ एमबी. बऱ्याच गेममध्ये हा हळू प्रोसेसर पुढे. ३००ए वाल्यांना हे वाचून गालात हसू आलं असणार.

आणि पोहराही परत आला, म्हटलं होतं ना. जानेवारी २०२२ मध्ये एएमडीचंच रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड आलं. कार्डांचे भाव तेव्हा आभाळाला भिडलेले, त्यात हे त्यातल्या त्यात स्वस्त. स्वतःची मेमरी फक्त ४ जीबी, आणि पीसीआय एक्सप्रेसच्या नेहमीच्या १६ ऐवजी जोडलेल्या लेन चारच. बोर्ड चौथ्या पिढीचा असेल तर चार लेनमधून सेकंदाला ८ जीबीच्या आसपास माल येतो, तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर त्याच्या निम्मा. गेमला ४ जीबीपेक्षा जास्त लागलं, की उरलेलं मुख्य रॅममधून या चिंचोळ्या वाटेने ओढत आणायचं, आणि जुन्या बोर्डावर झटके सुरू. ज्याच्याकडे नवा बोर्ड घ्यायला पैसे आहेत तो हे कार्ड कशाला घेईल? घेणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांचे बोर्ड चार-पाच वर्षांपूर्वीचे, तिसऱ्या पिढीचे. खोक्यावर ४ जीबी ठळक, लेनची संख्या शोधावी लागते.

भाच्याचा बोर्ड मी आधी बघून घेतला.

एसएमपीएसबद्दल लिहायचं राहूनच गेलं. कॅबिनेटसोबत 'फ्री' मिळणाऱ्या एसएमपीएसवर तर एक आख्खा शनिवार जाईल. पुढच्या वीकेंडला रिलीज नसेल तर बघू.