वऱ्हाडी एकपात्री विनोदातील एकटा पुरुष : एक ऐतिहासिक विचार

प्रास्ताविक

यवतमाळ जिल्ह्यातील आर्णी हे अरुणावती नदीच्या काठचे तालुक्याचे गाव. बाबा कंबलपोष यांच्या दर्ग्यामुळे आणि तेथील उरुसामुळे ते दूरवर परिचित आहे. भोवतालचा मुलूख कापसाचा. अशा गावांत नाटक येते ते बहुधा गणेशोत्सव, शारदोत्सव किंवा महाविद्यालयीन स्नेहसंमेलनाच्या निमित्ताने. नेपथ्य, प्रकाशयोजना आणि दहा-बारा नटांचा संच यांचा खर्च मंडळांना पेलत नाही. एक नट, एक ध्वनिक्षेपक आणि परतीच्या एस.टी.चे भाडे एवढ्यावर होणारा एकपात्री प्रयोग मात्र पेलतो. या प्रयोगांचा ठरलेला विषय म्हणजे गावाकडचे प्रेम, जमता जमता मोडणारे लग्न आणि त्यातून मागे उरलेला एकटा पुरुष. ग्रामीण प्रेमाची विनोदी कथा सांगण्यास हा प्रकार इतका सोयीचा का ठरला आणि त्या सोयीत कोणाचा आवाज गाळला गेला, एवढाच मर्यादित प्रश्न प्रस्तुत लेखात विचारात घेतला आहे.

परंपरेचे धागे

मराठी एकपात्रीचा इतिहास सांगताना पु. ल. देशपांडे यांच्या १९६१ च्या ‘बटाट्याची चाळ’पासून आरंभ करण्याची प्रथा आहे. ती चुकीची नसली तरी अपुरी आहे. एकाच व्यक्तीच्या बोलण्यातून समोरची अदृश्य व्यक्ती उभी करण्याचे तंत्र दिवाकरांनी १९११ पासून नाट्यछटेत सिद्ध केले होते. त्यामागे ब्राउनिंगच्या नाट्यात्म एकभाषिताची प्रेरणा होती. नाट्यछटेत दुसऱ्याचे उत्तर वाचकाला ऐकू येत नाही. पहिल्याच्या पुढील वाक्यावरून ते ओळखावे लागते. ग्रामीण एकपात्रीतील प्रेयसी नेमकी अशीच ‘ऐकू न येणारी’ असते.

वऱ्हाडापुरते बोलायचे तर याहून जवळचा पूर्वज कीर्तन हा आहे. गाडगेबाबा (१८७६–१९५६) गाडगे आणि खराटा घेऊन उभे राहत आणि प्रश्नांमागून प्रश्न विचारून साऱ्या समुदायाला बोलते करीत. कर्जबाजारी शेतकरी, मुलाच्या लग्नात उधळपट्टी करणारा बाप ही माणसे ते चालू कीर्तनातच साकार करीत. त्यांची भाषा शुद्ध वऱ्हाडी होती. लग्नाच्या खर्चावरचा त्यांचा उपहास आणि आजच्या एकपात्रीतील सोयरिकीचा विनोद एकाच घरचे आहेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. फरक एवढाच, की बाबांच्या कीर्तनात श्रोत्यांना उत्तर द्यावे लागे. एकपात्रीत त्यांनी फक्त हसायचे असते.

साठच्या दशकात व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांनी गावोगाव कथाकथन करून ग्रामीण विनोदाला व्यासपीठ मिळवून दिले. त्यानंतर १९७९ मध्ये लक्ष्मण देशपांडे यांचे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ रंगमंचावर आले. मराठवाड्यातील एका खेड्यातले कुटुंब लग्नासाठी विमानाने लंडनला निघते, या कल्पनेवर बेतलेल्या या प्रयोगात एकच नट ५२ व्यक्तिरेखा उभ्या करीत असे. गिनीज बुकात त्याची नोंद झाली. देशपांडे २००९ मध्ये निवर्तले; पुढे संदीप पाठक यांनी तो प्रयोग चालू ठेवला. शीर्षकातील ‘वऱ्हाड’ म्हणजे लग्नाची मंडळी. आपल्या प्रांताचे नाव पाहून आमच्याकडचा प्रेक्षक अंमळ फसतो, ही गोष्ट वेगळी.

शंकर बडे आणि वऱ्हाडी बोली

आर्णीच्या दृष्टीने अधिक जवळचे नाव शंकर बडे यांचे. दारव्हा तालुक्यातील बोरी अरब येथे १९४७ मध्ये जन्मलेल्या बडे यांनी ‘इरवा’, ‘सगुन’ आणि ‘मुगुट’ या संग्रहांतून वऱ्हाडी कवितेला प्रतिष्ठा मिळवून दिली आणि ‘बॅरिस्टर गुलब्या’ हा एकपात्री प्रयोग सादर केला. या शीर्षकातच ग्रामीण विनोदाचे सूत्र आले आहे. ‘बॅरिस्टर’ ही विलायतेची प्रतिष्ठा. ‘गुलब्या’ हे गावाने एकेरीत मारलेल्या हाकेचे रूप. मोठेपणाची हौस आणि गावाने ठरवून दिलेली पायरी यांतील अंतर दोन शब्दांत मावले आहे. बडे यांचे १ सप्टेंबर २०१६ रोजी यवतमाळ येथे निधन झाले.

बोलीच्या एका वैशिष्ट्याकडे येथे लक्ष वेधणे आवश्यक वाटते. वऱ्हाडीत स्त्रीसुद्धा ‘मी जातो’, ‘मी करतो’ असेच म्हणते. प्रमाण मराठीतील ‘जाते’, ‘करते’ हा भेद प्रथमपुरुषी राहत नाही. पुणे-मुंबईच्या नटाला क्रियापदाच्या एका प्रत्ययाने स्त्री उभी करता येते. वऱ्हाडी नटाला ती सोय नाही. त्याला पदर सावरण्याचा हावभाव, आवाजाची पट्टी आणि वाक्याच्या शेवटचा हेल यांवर भिस्त ठेवावी लागते. परिणामी स्त्री ही बोलण्यापेक्षा नकलेतून अधिक दिसते, आणि नक्कल हास्याकडे लवकर झुकते. खडी गंमत आणि दंडार यांतही स्त्रीभूमिका पुरुषच करीत आले. परंतु तेथे निदान दोन देह समोरासमोर असत, सवाल-जवाब होत. एकपात्रीत पुरुषच विचारतो आणि तिच्या वतीने तोच नकार देतो.

पूर्व विदर्भाशी तुलना केल्यास हा मुद्दा स्पष्ट होतो. झाडीपट्टीत धानाची कापणी आटोपली की वडसा-देसाईगंज येथील नाटक कंपन्या रात्र रात्र चालणारी नाटके गावोगाव नेतात. त्यांत नटी असते, गाणी असतात, प्रेमिकांची जोडी डोळ्यांपुढे उभी राहते. कापसाची वेचणी टप्प्याटप्प्याने महिनोन्‌महिने चालत असल्याने वऱ्हाडातील शेतकऱ्याला तसा सलग मोकळा हंगाम क्वचितच लाभतो. पीकपद्धती हे एकमेव कारण नव्हे; पण ते दुर्लक्षून रंगभूमीचा इतिहास लिहिता येणार नाही.

हास्याखालचा एकटेपणा

मुलगी पाहण्याचा कार्यक्रम, पोह्यांची बशी, ‘पोट्टा शेती करते’ हे कळताच पडलेला मुलीच्या बापाचा चेहरा, या प्रसंगांवर प्रेक्षक खळखळून हसतो. कापसाचा भाव, कर्ज आणि नापिकी यांमुळे शेतकरी तरुणाचे लग्न जमणे कठीण झाले, हे त्या हास्याचे आर्थिक अधिष्ठान आहे. मागच्या रांगांत बसलेल्या अविवाहित तरुणांना तो विनोद किती विनोदी वाटतो, हे टाळ्यांवरून ठरवता येत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाची अडचण अशी, की या प्रयोगांच्या लिखित संहिता फारशा नसतात. नट बदलला की मजकूर बदलतो. उत्सव मंडळांच्या जमाखर्चाच्या वह्या आणि ध्वनिफिती हीच साधने, आणि वाळवी कोणासाठी थांबत नाही.

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळ येथे ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. त्याचे उद्‌घाटन याच जिल्ह्यातील वैशाली येडे यांनी केले. त्या आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नी. श्याम पेठकर लिखित आणि हरीश इथापे दिग्दर्शित ‘तेरवं’ या नाटकात त्यांनी काम केले होते. शेतकरी आत्महत्यांनंतर मागे राहिलेल्या स्त्रियांनीच ते नाटक रंगमंचावर आणले. एकपात्रीत जिच्या वाट्याचे संवाद पुरुष नट बोलत आला, ती बाई येथे स्वतः उभी होती. एकटी होती तीही. पण तिच्या बाजूला तिच्यासारख्याच आणखी काही जणी उभ्या होत्या.