बक्षीस आणि मजुरी

पुण्यातील धर्मग्रामांतून पवित्र भूमीच्या यात्रेला जाणारे भाविक बहुधा जॉर्डन, इस्राएल आणि इजिप्त असा तिहेरी प्रवास करतात. सिनाय पर्वतावरून पहाटेच्या थंडीत उतरताना उंटवाल्याचा हात पुढे येतो आणि त्याच्या तोंडून एक शब्द ऐकू येतो : 'बक्षीश'. अरबी भाषेचा गंधही नसलेल्या पुणेकराला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. फारसी भाषेतून निघालेला हा शब्द एका बाजूने तुर्की आणि अरबी मुलुखांत गेला, तर दुसऱ्या बाजूने हिंदुस्थानात येऊन मराठीत 'बक्षीस' म्हणून रुजला. मूळ फारसी क्रियापदाचे अर्थ दोन : देणे आणि क्षमा करणे. देणाऱ्याने आपखुशीने द्यावे, मागणाऱ्याचा त्यावर अधिकार नसावा, हा भाव या शब्दाच्या पोटातच आहे.

परंतु यात्रेच्या माहितीपत्रकात मात्र हेच बक्षीस एका वेगळ्या रकान्यात, माणशी आणि दिवसागणिक, डॉलरच्या हिशेबात छापलेले असते. वाटाड्याला इतके, चालकाला इतके. शेवटच्या दिवशी बसमध्ये पाकीट फिरू लागले की कुजबुज सुरू होते. 'सगळे पैसे आधीच भरले आहेत, आता पुन्हा कशाला?' असा प्रश्न आम्ही अशा प्रवासांत एकाहून अधिक वेळा ऐकला आहे. खरे सांगायचे तर कधी आमच्याही मनात तो आला आहे. प्रश्न अगदीच गैरवाजवी नाही. ऐच्छिक देणगीचा दर छापील कसा असू शकतो? पण ज्या समाजातील अनेक घरे एकेकाळी अशाच नाण्यांवर उभी राहिली, त्या आपल्या समाजाने या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी थोडे मागे वळून पाहणे अगत्याचे आहे.

जुन्या मराठी व्यवहारात सेवेच्या मोबदल्याचे निरनिराळे प्रकार होते आणि त्यांना निरनिराळी नावे होती. गावगाड्यातील बलुते हे बक्षीस नव्हते. ते सुगीच्या वेळी खळ्यावर मिळणारे धान्य होते आणि बलुतेदार ते हक्क म्हणून मागत असे. त्या व्यवस्थेत जातीची उतरंड होती, अन्याय होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. तरीही 'हक्क' हा शब्द तेथे होता. याउलट दिवाळीची पोस्त ही वर्षातून एकदा, खुशालीखातर दिली जाई. आणि 'चहापाणी' हा तिसरा प्रकार तर आपण रोजच पाहतो. गंमत अशी की, फ्रेंचांचे 'पुरबुआर', जर्मनांचे 'ट्रिंकगेल्ट' आणि पोर्तुगीजांचे 'गोर्जेता' या शब्दांचे मूळही तेच आहे : घसा ओला करण्यासाठी दिलेला पैसा. मालक आणि नोकर जेथे जेथे समोरासमोर उभे राहिले, तेथे तेथे भाषेने जवळजवळ एकच युक्ती योजिली. मजुरीला पाहुणचाराचा वेष चढवला.

पुण्यात या व्यवहाराचे नवे रूप लष्करात, म्हणजे आपल्या कॅम्पात, आकाराला आले. तत्पूर्वी येथील कॅथलिकांचा संबंध तलवारीशी होता. सवाई माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत, १७९२ साली, क्वार्टर गेटजवळचे सिटी चर्च उभे राहिले ते पेशव्यांच्या सैन्यातील गोमंतकीय ख्रिस्ती शिपायांच्या व अंमलदारांच्या गरजेतून. १८१७ साली खडकीची लढाई झाली, पेशवाई बुडाली आणि शहराच्या पूर्वेस इंग्रजांची छावणी वसली. पुढे मुंबईचे गव्हर्नर पावसाळ्यात पुण्यास मुक्काम करू लागले. आज जेथे विद्यापीठ आहे त्या गणेशखिंडीतील प्रासादाचे बांधकाम १८६४ साली सुरू झाले. घोड्यांच्या शर्यती, मेजवान्या, जिमखाने, १८८६ साली स्थापन झालेला पूना क्लब, अशा या साहेबी जगाला आचारी, बटलर, बेरे, आया, शिंपी, पाववाले आणि बँडवाले हवे होते. गोमंतकातून घाट चढून आलेल्या आपल्या पूर्वजांपैकी कित्येकांनी ही कामे पत्करली. गोमांस, डुकराचे मांस आणि मद्य यांना हात लावण्यास धर्माची आडकाठी नसल्यामुळे साहेबाच्या स्वयंपाकघरात त्यांना मागणी होती. तलवार गेली आणि हातात तबक आले.

बंगल्यावरील या नोकराचा पगार थोडा असे. उरलेली भर बक्षिसाने पडे. पाहुणा निरोप घेताना देई ते, साहेबाला बढती मिळाली म्हणून मिळे ते, आणि नाताळच्या दुसऱ्या दिवशी, इंग्रजी रिवाजाप्रमाणे, 'ख्रिसमस बॉक्स' म्हणून हाती पडे ते. पण हा पैसा एकाच दिशेने वाहत नसे, हे विसरता कामा नये. सणावारी हाताखालच्या माणसांनी आणि कंत्राटदारांनी साहेबापुढे फळांची, मेव्याची 'डाली' ठेवायची असा दंडक होता. दुकानदाराने बंगल्याच्या नोकराला दर खरेदीमागे 'दस्तुरी' द्यायची, असाही दंडक होता. डाली, दस्तुरी, बक्षीस हे सारे शब्द १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दकोशात जाऊन बसले. इंग्रज शिपायांनी तर 'बक्षीस' हा शब्द आपल्या बोलीत नेला आणि 'बक्शी' म्हणजे फुकटचे, असा त्याचा अर्थ केला. घेणाऱ्याच्या लेखी जी कष्टाची कमाई होती, ती देणाऱ्याच्या भाषेत 'फुकट' ठरली!

बंगल्यातून बोटीवर जाण्याची वाट फार लांबची नव्हती. मुंबईहून सुटणाऱ्या पी. अँड ओ. आणि ब्रिटिश इंडिया या कंपन्यांच्या बोटींवर कामांची वाटणी मुलुखवार होती. डेकवर कोकण-गुजरातकडील खलाशी, इंजिनघरात बहुधा पंजाब-सरहद्दीकडील माणसे आणि भोजनगृहात व केबिनमध्ये आपले गोमंतकीय. मुंबईच्या धोबीतलावावर आणि माझगावात गावोगावच्या नावांचे 'कूड' उभे राहिले. बोट मिळेपर्यंत तारवटी तेथे राहत, ट्रंकेवर ट्रंक रचत आणि रात्री गावच्या पाठीराख्या संताच्या वेदीपुढे जपमाळेची प्रार्थना एकत्र म्हणत. कंपनी त्यांना जो पगार देई तो त्याच बोटीवरच्या युरोपीय कर्मचाऱ्याच्या पगाराचा लहानसा हिस्सा असे. म्हणून प्रवासाच्या अखेरच्या संध्याकाळी केबिनमधून मिळणारे बक्षीस हे त्यांच्या दृष्टीने खुशालीचे नव्हते, संसाराचे होते. त्यातून बहिणींची लग्ने झाली, मुले फादरांच्या शाळांत शिकली, गावच्या फेस्ताची वर्गणी गेली, कौलारू घरांना ओसरी आली.

या कमाईची एक किंमत होती आणि ती कोणत्याही वहीत लिहिलेली नाही. साहेबाच्या चेहऱ्याकडे पाहून त्याची मर्जी ओळखणे, अपमान गिळून हसणे, आपल्या कौशल्याची नव्हे तर आपल्या नम्रतेची किंमत होत आहे हे जाणून असणे, हा त्या नोकरीचाच भाग होता. बक्षीस जितके अनिश्चित, तितकी कमान अधिक वाकते. आपल्या समाजातील वडीलधाऱ्यांनी ही वर्षे 'चांगल्या आठवणी' म्हणून सांगितली, हे त्यांचे मोठेपण. पण ऐकणाऱ्याने त्यामागचे मौनही ऐकावे.

हा अनुभव केवळ आपलाच नव्हता. इंग्लंडातील उमरावांच्या घरी पाहुण्यांनी निघताना नोकरांच्या रांगेला पैसे वाटण्याची चाल अठराव्या शतकात इतकी जाचक झाली की १७६० च्या सुमारास स्कॉटलंडमधील प्रतिष्ठितांनी ती बंद करण्याचे ठराव केले. नोकरांचा संताप मात्र साहजिक होता, कारण त्या पैशाच्या भरवशावरच मालकांनी पगार कमी ठेवले होते. अमेरिकेत यादवी युद्धानंतर पुलमन कंपनीने आपल्या शयनयानांमध्ये गुलामगिरीतून नुकत्याच मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना हमाल-सेवक म्हणून नेमले आणि त्यांच्या उदरनिर्वाहाचा मोठा भार प्रवाशांच्या खिशावर ढकलला. १९२५ साली ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली त्या सेवकांची संघटना उभी राहिली आणि बारा वर्षांच्या झगड्यानंतर १९३७ साली कंपनीला तिच्याशी करार करावा लागला. तरीही त्या देशात ही चाल कायद्यात शिरलीच. टिप मिळवणाऱ्या नोकराला मालकाने ताशी केवळ २.१३ डॉलर दिले तरी चालतील, हा तेथील संघराज्याच्या कायद्यातील दर १९९१ पासून बदललेला नाही. उरलेले ग्राहकाच्या मर्जीतून भरून निघावे आणि न निघाल्यास मालकाने भरावे, अशी त्यात योजना आहे. फ्रान्सने दुसरी वाट धरली. १९८७ पासून तेथे उपाहारगृहातील दरातच सेवेचा मोबदला धरलेला असावा लागतो. वर जे दिले जाते ते खरोखरच खुशीचे असते. ब्रिटनने २०२३ साली कायदा करून, टिपांचा पैसा मालकाने स्वतःकडे न ठेवता नोकरांतच न्याय्य रीतीने वाटला पाहिजे, असे ठरवले आणि तो १ ऑक्टोबर २०२४ पासून अमलात आला. जपानात तर टेबलावर ठेवलेले पैसे परत देण्यासाठी वाढपी मागून धावत येतो, कारण चांगली सेवा हे तेथे कर्तव्य मानले जाते.

आपल्या महाराष्ट्रातही 'खुशी की हक्क?' हा वाद मोठ्या प्रमाणावर झडला आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात नफा वाढला म्हणून मुंबईच्या गिरणीमालकांनी कामगारांना बोनस दिला आणि काही वर्षांनी तो थांबवला. १९२४ साली कामगारांनी त्यासाठी मोठा संप केला. सरकारने नेमलेल्या समितीने, बोनसवर कामगारांचा कायदेशीर हक्क पोहोचत नाही, असा निर्वाळा दिला. म्हणजे ते बक्षीसच ठरले. पुढे चार दशके लोटली आणि १९६५ साली बोनसचा कायदा होऊन तेच बक्षीस हक्क झाले. आणि १९८० साली आपल्या पुण्यातील मोलकरणींनी उत्स्फूर्तपणे संप पुकारला. त्यांना दिवाळीची जुनी साडी आणि वाटीभर फराळ मिळत होता. त्यांनी मागितली ती पगारवाढ आणि पगारी सुट्टी. त्यातूनच पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा झाला.

ख्रिस्तसभेची शिकवण या बाबतीत संदिग्ध नाही. पोप लिओ तेरावे यांनी १५ मे १८९१ रोजी 'रेरुम नोव्हारुम' या विश्वपत्रात स्पष्ट केले की, मालक आणि मजूर यांनी मजुरीचा करार खुशीने केला असला तरी त्याहून वरचढ असा न्यायाचा एक नियम आहे : काटकसरीने राहणाऱ्या श्रमिकाचा निर्वाह होईल इतकी मजुरी त्याला मिळालीच पाहिजे. जुन्या करारात गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी देण्याची आज्ञा आहे आणि याकोबाच्या पत्रात अडवून ठेवलेली मजुरी देवाकडे आक्रोश करते असे म्हटले आहे. प्रभू येशूच्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यातील धनी उशिरा आलेल्यालाही पूर्ण दिवसाचे वेतन देतो; पण ध्यानात घ्यावे की, सकाळपासून राबलेल्यांचे ठरलेले वेतन तो आधी बुडवत नाही. औदार्य हे न्यायाच्या पुढचे पाऊल आहे, न्यायाच्या जागी ठेवण्याची वस्तू नव्हे. दान डाव्या हाताला न कळता द्यावे. मजुरी मात्र उघड, ठरवून आणि वेळेवर द्यावी.

आता बसमधील त्या पाकिटाकडे वळू. परदेशात जाणाऱ्या आपल्या माणसाने प्रथम एवढे जाणून घ्यावे की, ज्या देशात आपण आहोत तेथे बक्षीस म्हणजे मजुरीचाच उरलेला भाग आहे की निव्वळ खुशी. अमेरिकेत वाढप्याला टिप न देणे म्हणजे कंजुषी नव्हे, त्याची मजुरी अडवणे होय. पॅरिसमध्ये नाण्यांची चिल्लर सोडली तरी पुरे. जपानात आभार मानून वाकणे हेच योग्य. आणि पवित्र भूमीत जो वाटाडा व चालक आपल्याला आठवडाभर सांभाळतो, त्याच्या घरची चूल या पाकिटावर पेटत असण्याचा संभव मोठा आहे. प्रवास कंपनीने हा मोबदला भाड्यातच धरावा, असा आग्रह आपण निघण्यापूर्वी धरावा. पण तो धरला गेला नाही म्हणून त्याची शिक्षा चालकाला देऊ नये. आजही जगभर फिरणाऱ्या विलासी पर्यटन-नौकांवर गोमंतकातील आणि महाराष्ट्रातील शेकडो तरुण केबिन झाडतात, ताटे उचलतात. त्यांच्या आया इकडे नोव्हेना करतात. कोणी परका प्रवासी त्यांच्याशी कसा वागावा असे आपल्याला वाटते, तसेच आपण त्या उंटवाल्याशी वागावे.

यात्रेहून परतल्यावर आणखी एक हिशेब उरतो. जैतुनाच्या लाकडाचा क्रूस भिंतीवर टांगून झाला की, त्याच खोलीची फरशी पुसणाऱ्या बाईचा पगार गेल्या किती वर्षांत वाढलेला नाही, हे एकदा मोजून पाहावे. नाताळला तिला आपण केक देतो, साडी देतो, वर बक्षीसही देतो, आणि त्यात समाधान मानतो. आपले पूर्वज साहेबाच्या बंगल्यात नेमक्या याच समाधानाच्या खालच्या बाजूला उभे होते. १ मे हा दिवस पोप पायस बारावे यांनी १९५५ साली श्रमिक संत योसेफाचा सण म्हणून नेमला. नाझरेथच्या त्या सुताराने केलेल्या कामाचे दाम मागितले असतील, बक्षीस नव्हे. आपण त्याचे भक्त म्हणवतो. तेव्हा आधी दाम चुकते करावे आणि मग मोकळ्या मनाने बक्षीस द्यावे.